चार टाचण्यांचं चुंबक

चूक अण्णांची नव्हती, माझी होती. त्यांनी माझ्या गिटारसाठी बनवलेल्या पिकअपमधली चुंबकं मी त्यांना न विचारता चार्ज करून आणली. त्यामुळं गिटारचा आवाज बिघडला. त्यांनी तोंडावर विचारलं तेव्हा मी "हात लावलेला नाही" असं सांगितलं. एवढं आधी लिहून टाकतो. नाहीतर त्यांच्या तऱ्हा सांगता सांगता मी तुम्हाला हसवत बसेन आणि मूळ गोष्ट शेवटी दोन ओळींत उरकेन. चौदा वर्षं मी तेच करत आलो. मित्रांमध्ये बसलो की त्यांच्या नकला करायचो. लोक हसायचे. पुढचं मी सांगायचो नाही.

कन्ना चौकाच्या मागच्या बोळात त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. तिन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने. मागाच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडं यायच्या, जुनी तार उपसून ते नवी भरायचे, हा पोटाचा धंदा. पण दुकानाच्या मागच्या भागात, पत्र्याच्या आडोशाला, ते इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बनवायचे. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली बोटभर लांबीची पट्टी. आत चुंबकाच्या सहा कांड्या, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत किंचितशी वीज उमटते, आणि ॲम्प्लिफायरमधून तीच आवाज होऊन बाहेर पडते. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता यायची नाही. एक सूर धरता यायचा नाही.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. घरात तेलुगू, दुकानात आपली सोलापुरी. दारातच एक प्लास्टिकचं टमरेल टांगलेलं असायचं. आत येणाऱ्यानं आधी घड्याळ, चाव्या, हातातलं कडं, खिशातली चिल्लर त्यात टाकायची. लोखंड घेऊन कुणी आडोशाच्या आत जायचं नाही. मी ज्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो त्याचे मालक एकदा माझ्याबरोबर आले होते. कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा.

"मंदिर हाय का बे हे?" मालक म्हणाले.

"मंदिरात चप्पल काढतोस न्हवं? हितं चाव्या काढ. देव एक वेळ माफ करंल, माझं चुंबक न्हाय करणार."

मालकांनी काढल्या. काढताना मला डोळा मारला. त्या दिवसापासून ते अण्णांना 'चुंबकबाबा' म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर ते नाव मीच ऑर्केस्ट्रात पसरवलं.

त्यांची चुंबकं दोन जातींची होती. एक काळी, नव्या स्पीकरमधून निघणारी. ती त्यांना आवडायची नाहीत. दुसरी चांदीच्या रंगाची, जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून आणि विजेच्या जुन्या मीटरमधून काढलेली. त्या धातूचं इंग्रजी नाव त्यांना माहीत होतं, पण ते 'चांदी' म्हणायचे. ही चांदी कानशीला दाद देत नाही. सहाणेच्या चाकावर धरायची, तापली की पाण्यात बुडवायची, परत धरायची. एका पिकअपच्या सहा कांड्या घासायला त्यांना आठवडा लागायचा.

"काळ्याचा आवाज कसा हाय, सांगू?" ते म्हणायचे. "नळावर भांडणाऱ्या बाईसारखा. सगळ्यांना ऐकू येतो, कुणाला ऐकू वाटत न्हाय. चांदी बोलती ती शेजारी बसून बोलल्यासारखी."

पण चांदीही नवी असली की ते लगेच वापरायचे नाहीत. घासून चुंबकत्व भरलेल्या कांड्या ते सारखी टोकं समोरासमोर येतील अशा दोऱ्यानं बांधायचे. कांड्या एकमेकींना ढकलत राहायच्या. त्या तशाच एका लाकडी पेटीत ठेवायच्या, महिन्यातून एकदा लाकडी हातोडीनं ठोकायच्या, उन्हाळ्यात पत्र्यावर वाळत घालायच्या. उन्हाचा काही उपयोग होत होता का कोण जाणे. पण बांधून ठेवल्यानं आणि ठोकल्यानं चुंबकाचा जोर उतरतो, हे खरं आहे. त्याला ते 'मुरवणं' म्हणायचे. काही कांड्या सात-आठ वर्षं मुरत पडलेल्या. जोर मोजायला त्यांच्याकडं यंत्र नव्हतं. कांडीच्या टोकाला एक टाचणी लावायची, तिला दुसरी, तिला तिसरी. माळ कितीवर तुटते ते बघायचं. नवी कांडी आठ टाचण्या उचलायची. चार टाचण्यांवर आली की ती झाली. मग तिला पेटीतून बाहेर काढून ते कपाळाला लावायचे.

मी एकदा विचारलं, "अण्णा, जास्त जोर म्हणजे जास्त आवाज ना? मग कमी कशाला करता?"

त्यांनी मग उठून माझ्या गिटारची जाड तार छेडली आणि तिच्याजवळ आठ टाचण्यांचं चुंबक आणलं. तार थरथरता थरथरता लंगडली. एका सुराचे दोन झाले, त्यांचं आपसात जुळेना, आणि तार वेळेआधीच गप्प झाली.

"बगितलास? विनु रा," तेलुगूतून सुरू करून ते मराठीत आले, "ऐक. चुंबकानं तारेला फक्त बघायचं असतंय. धरायचं न्हाय. धरलं की ती नाचणार कशी?"

त्यांची ऐकायची पद्धत बघून नवा माणूस घाबरायचा. आजूबाजूला दिवसभर मागांची खटखट. त्या आवाजात तिथले कामगार ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलतात. अण्णाही तसेच. म्हणून पिकअप बसवला की ते गिटारचं टोक, जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात ते, सरळ दातात धरायचे, डोळे मिटायचे आणि एकच तार छेडायचे. कवटीतून ऐकायचे. माझ्या गिटारवर त्यांच्या पुढच्या दातांचे वळ होते. तीस वर्षं मागांच्या मध्ये बसून कान कमी होत चालले आहेत याची त्यांना धास्ती होती. हे ते कुणाजवळ बोलायचे नाहीत. पण रोज सकाळी दुकान उघडल्यावर ते एक टाचणी फरशीवर टाकायचे आणि ऐकायचे, हे मी स्वतः दोनदा बघितलं आहे. कारखान्यातली मोटार तीन घरं पलीकडून ऐकून कुठला बेअरिंग जाणार हे ते सांगायचे. मागवाले त्या कानावर डोळे मिटून विसंबायचे. तेही त्या कानावरच उभे होते.

मी तेव्हा सदतीस-अडतीस वर्षांचा. दिवसा सरकारी कचेरीत कारकून, बाकी वेळ ऑर्केस्ट्रात गिटार. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम लागले की महिनाभर भीमगीतं, मग लग्नं, मग गणपती. माझ्या गिटारमधला पिकअप अण्णांचा, चार टाचण्यांचा. छोट्या जागेत त्याचा आवाज ऐकून लोक जवळ येऊन बसायचे. पण मोठ्या मैदानात ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गदारोळात तो हरवायचा. त्यातच गावातल्या दुसऱ्या एका वादक पोरानं बाहेरून आणलेली नवी गिटार घेतली, काळ्या चुंबकाची. मालक मला म्हणाले, "त्याची कानाखाली बसती. तुझी कुटं हाय तेच कळत न्हाय बे."

त्याच सुमारास पुण्याहून एका माणसाचा फोन आला. हा माणूस मागणीप्रमाणे गिटारी बनवून द्यायचा. कुणीतरी त्याला माझ्या वाजवण्याची ध्वनिफीत ऐकवली होती. त्याला वाजवण्यात रस नव्हता. त्यानं विचारलं, "पिकअप कुणाचा आहे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मला तो कार्यक्रमात ऐकायचाय. आवडला तर त्यांच्याकडून माझ्या सगळ्या गिटारींसाठी करून घेईन."

मी दुकानात जाऊन अण्णांना हे सांगितलं. त्यांनी हातातली मोटार खाली ठेवली, आडोशाच्या आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "त्यानं आपणहून इचारलं? तू सांगायच्या आधी?"

"आपणहून."

"तीस वर्षांत पयला."

कार्यक्रम हुतात्मा चौकाजवळच्या एका सभागृहात होता. मला भीती वाटली की पुण्याच्या माणसासमोर माझी गिटार ऐकूच आली नाही तर? आणि त्याहून मोठी भीती, मालक त्या पोराला माझ्या जागी घेतील. मी अण्णांना म्हणालो, "जोर थोडा वाढवून द्या." ते चिडले. "मोठा आवाज पायजे तर ॲम्पचं बटण फिरव. चुंबकाला कशाला मारतोस?"

एसटी स्टँडजवळ स्कूटरची मॅग्नेट चार्ज करणारं एक जुनं दुकान उरलं होतं. स्कूटरचं चुंबक दमलं की ठिणगी नीट पडत नाही, मग तिथं लोखंडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये ठेवून विजेचा झटका द्यायचे. मी पिकअप गिटारमधून सोडवला आणि तिथं घेऊन गेलो.

"हे स्कूटरचं न्हाय," दुकानदार म्हणाला.

"गिटारचं आहे."

"चार्ज केल्यावर गिटार किक मारून चालू हुती का?" असं म्हणून तो स्वतःच हसला आणि त्यानं बटण दाबलं. ठप्प. परत एकदा ठप्प. सात-आठ वर्षं मुरवलेलं चुंबक दोन झटक्यांत नवं कोरं झालं. घरी येऊन मी पिकअप बसवला, खाली पुठ्ठ्याची घडी सारून तारांच्या आणखी जवळ आणला आणि वाजवून बघितलं. आवाज मोठा आला. खणखणीत आला. मी खूश झालो. खालच्या पट्टीत दोन-चार सूर वाजवले आणि गिटार पेटीत ठेवली. वरच्या पट्ट्यांत, जाड तारेवर, मी वाजवून बघितलंच नाही. बघितलं असतं तर अण्णांनी दाखवलेलं लंगडणं मला घरातच ऐकू आलं असतं.

कार्यक्रमाला अण्णा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. मी त्यांना दुकानाबाहेर इतक्या लांब कधी बघितलं नव्हतं. पहिल्या रांगेत, पुण्याच्या माणसाशेजारी बसले. हात मांडीवर ठेवून, ताठ. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसऱ्या गाण्यात माझा एकट्याचा तुकडा होता, वरच्या पट्टीतला. जाड तारेवर गेलो आणि सूर दुभंगला. मी परत जुळवला, परत दुभंगला. तार जणू कुणीतरी खालून चिमटीत धरून ओढत होतं. पुण्याच्या माणसानं कपाळाला आठ्या घातल्या. त्याच क्षणी अण्णाही खुर्चीतून अर्धे उठले. दोघांनी एकच गोष्ट ऐकली होती. पुण्याचा माणूस मध्यंतरात निघून गेला. जाताना अण्णांना म्हणाला, "रेकॉर्डिंगमध्ये वेगळं वाटलं होतं. असो."

कार्यक्रम संपल्यावर अण्णा मंचामागं आले.

"चुंबक तार धरतंय. उघडलास का?"

मी पिकअप उघडला नव्हता. तसं बघितलं तर हे अक्षरशः खरं होतं, आणि त्या खऱ्याचा आधार घेऊन मी पुढचं खोटं बोललो. "नाही अण्णा. तुम्ही दिलाय तसाच आहे. मी हात लावलेला नाही."

"चारचं चुंबक तार धरत न्हाय."

"मला तर काही धरल्यासारखं वाटलं नाही. तुम्हाला तसं ऐकू आलं असेल."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो, मला आजही सांगता येत नाही. मालक शेजारी उभे होते, हे एक कारण. त्यांना संधीच मिळाली. "चुंबकबाबा, मागाजवळ बसून बसून कान गेले की तुमचे!" वादक पोरं हसली. मीही हसलो.

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "गिटार दे. दातानं ऐकतो."

गिटार पेटीत होती. मी म्हणालो, गाडी निघतीय, उद्या दुकानात आणतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. कारण दुकानात टाचण्या होत्या. एक मिनिटात त्यांना कळलं असतं. आठवडाभरात मी ती गिटार बार्शीच्या एका वादकाला विकून टाकली आणि अण्णांना निरोप पाठवला, की गिटार गेली.

मग त्यांच्यासमोर दोनच गोष्टी उरल्या. एक तर आपला हात चुकला, किंवा आपला कान. हात चुकला नव्हता, टाचण्या त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. म्हणजे कान. माझ्यावर संशय घ्यावा, असं त्यांच्या मनात आलंच नाही.

चार-पाच महिन्यांनी मी त्या बोळातून जात होतो. दुकानासमोर एक कारखानदार त्यांच्यावर ओरडत होता. अण्णांनी भरून दिलेली मोटार तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाम होऊन जळाली होती.

"द्यायच्या आधी चालू करून ऐकली न्हाय का तुमी?"

"ऐकली."

"मग?"

"घरघर ऐकू आली," अण्णा म्हणाले. "मला वाटलं ती माझ्या कानातच हाय."

मी पलीकडच्या बाजूला उभा होतो. बोलायला तेवढी वेळ चांगली होती. मी चप्पल ओढत पुढं निघून गेलो. जाताना दारातून दिसलं, पत्र्याचा आडोसा काढून टाकला होता. चांदीच्या कांड्या एका सुतळीला गठ्ठ्यानं बांधलेल्या, आणि ते त्या फरशीवरून ओढत लोखंडाचा चुरा गोळा करत होते. दारातलं टमरेल नव्हतं. पुढच्या वर्षी दुकानही नव्हतं.

मी गिटार सोडली. त्याचं श्रेय मी कामाच्या व्यापाला देतो.

या वर्षी माझ्याकडं निराधारांच्या पेन्शनचे अर्ज आले. एक दिवस चाळिशीची एक बाई वडिलांचा अर्ज घेऊन आली. वडिलांना ऐकू येत नव्हतं. नाव अण्णांचं होतं. ती मला ओळखत नव्हती. तेव्हा ती लग्न होऊन भिवंडीला होती. अर्जात एक रकाना असतो, ऐकू येणं कधीपासून बंद झालं. तो कोरा होता. मी विचारलं.

"डॉक्टर म्हणत्यात हळूहळू गेलं, सात-आठ वर्षांत. पण बाबा ऐकत न्हाईत, साहेब. ते म्हणत्यात, चौदा वर्षं झाली, एका ऑर्केस्ट्राच्या दिवशी कान गेले. तारीख सांगत्यात. लिहू का ती?"

"डॉक्टरांची लिहा," मी म्हणालो.

रविवारी मी विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत त्यांच्या घरी गेलो. मी सगळं चार पानांवर लिहून नेलं होतं. ते हातात द्यायचं आणि निघायचं, असं ठरवलं होतं. घरापुढच्या सावलीत पाच-सहा बायका सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. अण्णा बाजूला खाटेवर बसले होते. खूप लहान झाले होते. मुलगी त्यांच्या खांद्याला हात लावून खुणेनं म्हणाली, कोण आलंय बघा. त्यांनी डोळे बारीक केले.

"गिटारवाला," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.

मी कागद पुढं केले. मुलगी म्हणाली, "त्यांना दिसत न्हाय ओ वाचायला. मोतीबिंदू हाय. मी सांगू का मोठ्यानं वाचून?" तिनं हात पुढं केला. माझी चार पानं तिच्या तोंडून, तिच्या वडिलांच्या कानात. मी कागद परत खिशात घातले.

"डाव्या कानाशी बोला मग," ती म्हणाली. "वरडावं लागतंय."

मी खाटेशेजारी गुडघ्यावर बसलो. पहिल्यांदा बोललो ते मलाच जेमतेम ऐकू आलं. ते म्हणाले, "काय?" मग मी ओरडलो. "अण्णा! त्या कार्यक्रमाच्या आधी मी चुंबक चार्ज करून आणलं होतं!"

बायकांचे हात थांबले.

"कुटलं चुंबक?"

"तुमचं! माझ्या गिटारमधलं! स्कूटरच्या दुकानातून!"

त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "तू म्हणलास, हात लावला न्हाय."

"खोटं बोललो!"

"मग ती तार... धरल्यागत... ती धरलीच हुती?"

"हो! धरली होती! तुम्हाला ऐकू आलं ते खरं होतं! मी घाबरलो, तुमच्यावर ढकललं, सगळ्यांबरोबर हसलो! माझं चुकलं, अण्णा!"

मुलगी माझ्याकडं बघत उभी होती. तिला आत्ता कळलं होतं मी कोण ते. अण्णांनी हाताचा पंजा डाव्या कानामागं धरला आणि माझ्याकडं झुकले.

"परत बोल," ते म्हणाले.

ऐकू आलं नव्हतं म्हणून, की परत ऐकायचं होतं म्हणून, मला समजलं नाही. मी तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि सगळ्या बायकांना, त्यांच्या मुलीला आणि शेजारच्या घरांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं परत सांगितलं. "तुमचे कान बरोबर होते, अण्णा. मी खोटं बोललो. मला माफ करा."